रोल संपवायला काढलेले फोटो

आबा, जरा बसा आणि ऐका. माझ्या अक्षराकडं बघू नका. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. तुम्हीच मला डार्करूममध्ये उभं केलंत. उद्या सकाळी तुमच्या फोटोंचं प्रदर्शन आहे, इथं सांगलीतच, आणि मी सकाळपासून रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हेसुद्धा मला आठवत नाही. लग्नांच्या फोटोंचं नव्हे बरं का. रोल संपवायला काढायचात, त्या फोटोंचं!

लग्न उरकलं तरी रोलात दोन-तीन फोटो शिल्लक राहायचे. बाकीचे फोटोवाले ते भिंतीकडं कॅमेरा धरून उडवत आणि रोल धुवायला टाकत. तुम्हाला ते जमायचं नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून तुम्ही बाजारात निघताय आणि आई दारात आडवी होतेय, हे मला आत्ताही दिसतं. "आवं, नवरीचा बाप कवाचा बसलाय!" "बसू दे की. च्या दे त्याला. आजून तीन हायत." "तीन हायत तर माझा काढा की एखादा!" "तू काय पळून जातीस व्हय?" एवढं बोलून तुम्ही गेलेले. मग कधी घाटावर म्हशी धुणारे, कधी छत्र्या दुरुस्त करणारा, कधी हळदीच्या पेठेत पोत्यांवर झोपलेले हमाल. हे फोटो छापायचे नसत. एकदा चुकून मी एकाच्या दोन प्रती छापल्या आणि आईनं त्या लग्नाच्या दोन्ही पाकिटांत घातल्या. झाडाखाली दाढी करणारा न्हावी आणि तोंडाला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे कोणीतरी, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. मानपानाचा घोळ नको म्हणून कोणी विचारलंच नाही. दोन्हीकडच्या अल्बमात न्हावी लागला! महिनाभरानं कळल्यावर आई डोक्याला हात लावून बसली आणि तुम्ही हसता हसता खोकायला लागलात. पेठेत मात्र लोक तुम्हाला खुळा फोटोवालाच म्हणत राहिले. मला त्याचा राग यायचा, आणि लाजही वाटायची.

माझ्या नातीला आत्याच्या, तुमच्या बहिणीच्या, लग्नाचा फोटो हवा होता. तिनं निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली आणि म्हणाली, "आजोबा, शेवटी हे कोण आहेत?" मी म्हणालो, "कोणी नाही गं, रोल संपवलाय." तिनं दुसरं पाकीट उघडलं, मग तिसरं. मग ती जमिनीवरच बसली. प्रत्येक लग्नाच्या मागं आपलं गाव बसलंय, आबा! तेव्हापासून ती पोरगी झपाटलीय आणि मी घोर लावून घेतलाय. आता पुन्हा लोक हसले तर? शहाणीसुरती माणसं हॉलमध्ये येतील, म्हशी बघतील आणि म्हणतील, यात काय आहे? मी तिला हे इतक्यांदा विचारलं की काल ती म्हणाली, "आजोबा, उद्यापासून तुम्ही माझ्याशी बोलूच नका."

हॉलच्या दारातच मोठ्या काचेच्या फ्रेममध्ये तिनं हळद निवडणाऱ्या बायकांचा फोटो लावला. निमंत्रणावरही तोच. मधली बाई तोंडावर हात धरून हसतेय.

आज दुपारी नात जेवायला गेली होती, मी राखण करत होतो. एक म्हातारी पिशवी घेऊन आत आली. आष्ट्याहून एसटीनं आली होती. शेजारच्या पोरानं मोबाइलवर निमंत्रण दाखवलं म्हणे. मी म्हणालो, "मावशी, उद्या या, आज बंद आहे." तिनं ऐकलंच नाही. फोटोसमोर उभी राहिली आणि त्या हातावर बोट ठेवलं.

"ही करंगळी बघा. वाकडी हाय नव्हं? गुऱ्हाळाच्या चरकात घावली हुती. ही माझी आय हाय."

मी म्हणालो, "नक्की का?"

"आवं, आयची करंगळी मला ठावं न्हाई व्हय? तिचा एक फोटू न्हाई घरात. मी तिचं तोंड इसरत चाललीया बघा." मग काचेजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आन् हसतीया! घरात कवा हसली न्हाई ओ. हितं येऊन हसत हुती, सटवी!"

आबा, आम्ही दोघं म्हातारी त्या रिकाम्या हॉलमध्ये खो खो हसलो, आणि मग ती रडली. फोटो तिला दिला तर उद्याचं काय, दाराजवळची भिंत ओकी दिसेल, पाहुण्यांना काय दाखवणार, सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. दुसरी प्रत आणायची तर कोल्हापूर गाठायला हवं. पण फौजेत गेलेल्या पोराचा आपल्या दुकानाच्या शोकेसमधला फोटो तुम्ही काढून त्याच्या आईच्या हातात ठेवला होता, तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. मी स्टुलावर चढलो, या वयात, आणि फोटो उतरवला. तिनं तो शालीत गुंडाळला. मी तिला स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं आणि तीनदा बजावलं, फोटोला ऊन लागू देऊ नका. ती म्हणाली, "तुमी लय घाबरता ओ, दादा."

घाबरतो खरा. पण आता मला लोक हसतील याची भीती वाटत नाही. आता मला वाटतं, उद्या आणखी कोणी यावं, कोणाची तरी करंगळी ओळखावी, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंती ओक्या व्हाव्यात.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगतो. दारातला फोटो कुठाय, असं नातीनं विचारलं. काच तडकली, फ्रेमवाल्याकडं दिलाय, असं मी सांगितलं. ती आत्ताच रागारागानं फ्रेमवाल्याकडं गेलीय, आणि मला हसू आवरत नाहीये.