फोटोवरचा थेंब

ती. आईस नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेत दिवसभर काचेवर वाळलेले थेंब बघते. गढूळ पाणी वाळलं की गाळाची गोल कड उमटते. पण त्यात सूक्ष्मजीव पोहत असतील तर ते गाळ ढवळतात आणि डाग सगळीकडे सारखा पसरतो.

बाबांचा फोटो मिळाला. गाल बसलेत त्यांचे. कोपऱ्यात तुझ्या हातून घरचं गढूळ पाणी सांडलंय, त्या डागाला कडच नाही.

पाणी रोज उकळतेस म्हणालीस ना? आणि बाबांचं पोट म्हणे बाहेरच्या खाण्याने बिघडलं. महिनाभर?

पुढचा फोटो पिण्याच्या पाण्याचा थेंब टाकून, वाळवून पाठव. नुसतं त्या थेंबापुरतं पाणी उकळू नकोस. मी तुझीच मुलगी आहे.

तुझी,
थोरली