लॉकवालं झाकण

बुध., ३ मे १९७२
काल लिहिलेलं चूक आहे. 'कामठी रोडवर पेट्रोल संपलं म्हणून शेठची गाडी बंद पडली', असं मी लिहिलं. पेट्रोल संपलं नव्हतं. काटा अर्ध्याच्या वर होता, बाबांनी पाहिला होता. शेठचं वाक्य कानावर आलं आणि मी ते खरं म्हणून उतरवलं. गाडी चालवणारे बाबा घरातच बसले होते, त्यांना विचारलंही नाही.
झालं ते असं. गाडी धक्के खात थांबली. बाबांनी बॉनेट उघडून गाडीतल्या पंपावर ओलं फडकं टाकलं, बाजूला जाऊन बिडी ओढली, परत आले तर गाडी सुरू. मे महिन्यात इथले सगळेच ड्रायव्हर हे करतात. गरमीनं पाइपात पेट्रोलची वाफ धरते म्हणतात.
शेठ मात्र लकडगंजच्या वखारीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तू पेट्रोल काढून विकतं अन् वरून रॉकेल टाकतं. म्हणून खोकलते गाडी." हमाल हसले.

शनि., ६ मे
कॉलेजला सुट्टी. डबा द्यायच्या निमित्ताने वखारीत गेले, बाबांजवळ बसले. त्यांनी कार्बोरेटर खोलला. कचरा नाही. फिल्टरची काच स्वच्छ. पाइप तोंडानं फुंकला, मोकळा.
मी पेट्रोलचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. उडून गेला, डाग नाही. रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. कागद शेठला दाखवला.
"कागदावरून न्याय करून राहिली का वं? बापाची वकील?"
बाबा मलाच म्हणाले, "चूप राह्य."

मंगळ., ९ मे
आज गाडी पहाटे बंद पडली, स्टेशनला जाताना. ऊन नाही, मग वाफ कशी? बाबा म्हणाले, "इंजिन तर गरमच राह्यते ना." बरोबर आहे.
विचारलं, हे असं कधीपासून? बाबांच्या आधी आई बोलली, "ते लॉकवालं झाकण बसवलं तवापासून. तवापासून ह्यायची झोप बी गेली."
आईच्या मनात अपमान होता. बाबा पेट्रोल काढतात या संशयानं शेठनी टाकीला नवं झाकण करून घेतलं, कुलूपवालं, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. जुनं झाकण बाबांना दिलं, "घे, भंगारात विक." बाबांनी विकलं नाही.

शुक्र., १२ मे
स्टोव्हसाठी रॉकेलचा नवा डबा फोडला. एकच भोक पाडलं होतं. गुटगुट करून धार थांबायची. दुसरं पाडलं, सरळ धार लागली. डबा तसाच टाकून उठले आणि जुनं झाकण काढून पाहिलं. बारीक भोक आहे. नव्याला नाही; शनिवारी वखारीत शेठनी टाकी उघडली तेव्हा पाहिलं होतं. आत जाड रबर आहे, गच्च.
पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही. मग पंप ओढणार कसा? थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, गाडी सुरू होते. म्हणजे फडक्यानं काहीच होत नाही. थांबल्यानं होतं.
बाबांना सांगितलं नाही. इतके उन्हाळे त्यांनी ते फडकं…

मंगळ., १६ मे
शेठच्या आईला, माजींना, धंतोलीला गुडघे दाखवायला नेलं. डॉक्टर इंग्रजी बोलतो म्हणून मला बोलावतात. त्या मागे, मी पुढे बाबांजवळ. मागची सीट तिघांची आहे. तरी पुढे.
वाटेत पेट्रोल भरायचं होतं म्हणून झाकणाची किल्ली माजींच्या कनवटीला. कॉटन मार्केटच्या अलीकडे गाडी थांबली. बाबा फडकं भिजवायला उतरले.
"माजी, किल्ली द्या."
"काहून वं?"
"हवा लागते टाकीला."
हाताला हात न लावता त्यांनी वरून टाकली. झाकण सैल केलं आणि सूंऽऽ. हवा आत गेली, किती तरी वेळ.
"बाबा, फडकं नका टाकू. स्टार्टर मारा."
पहिल्याच झटक्यात सुरू. बाबा हसले नाहीत. दवाखान्यापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. एका हातात फडकं तसंच, पँटवर पाणी गळत होतं.

बुध., १७ मे
माजींनी घरी इतकंच सांगितलं, "डायवरच्या पोरीनं टाकी उघडली." आवाज त्यांनी ऐकला नाही म्हणतात.
शेठ बाबांना, "पोरीले बी धंद्याले लावलं का गा?"
माझा पुरावा म्हणजे चोरी झाली.
येत्या शुक्रवारी नाही, पुढच्या, मजुरी वाटताना सगळ्यांसमोर चोरी कबूल करायची, माफी मागायची. मग ठेवतो म्हणतात. नाही तर एक तारखेपासून येऊ नको.

रवि., २१ मे
बाबा कबूल करणार.
"पण तुम्ही चोरलं नाही."
"नाही."
"मग?"
"डायवरले चोर म्हटलं तर लोक हासते अन् ठेवते बी. सारेच काढते म्हणते. पण झाकणात भोक नोहोतं अन् हा येडा पंपावर फडके टाकत बसला म्हटलं, तर कोण गाडी देईन मले?"
मी म्हटलं, शेठला बी नाही समजलं.
"त्याची गाडी आहे. त्याले समजाची गरज नाही. तुहं कालेज तुह्याजवळ ठेव."
शेठपेक्षा बाबांचा राग जास्त येतो. लिहायला नको होतं. पण येतो.

बुध., २४ मे
भीती ही की मी एकदाच उघडून पाहिलं. एकदा म्हणजे काहीच नाही. तेवढ्या वेळात गाडी तशीही सुरू झाली असती का? झाकण सैल ठेवूनही गाडी बंद पडली, तर बाबा पक्के चोर, आणि ते मी ठरवलेले. पुन्हा पाहायला किल्ली नाही.
आईला सांगितलं, शेठकडे जाते. ती पीठ मळत होती. परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, "जाशीन तर तुह्या बापाले न सांगता जाय. सांगशीन तर तो तुह्या पाया पडन, अन् मंग तुह्यानं जाणं होणार नाही."
शेठला एवढंच म्हणायचं: किल्ली तुमच्याच हातात ठेवा. तुम्ही स्वतः गाडीत बसा. झाकण गच्च लावा, खापरखेड्याच्या रस्त्याला लागा, थांबेल तिथे उतरून तुम्हीच उघडा. मला शिवूही देऊ नका.
रडायचं नाही. 'माफ करा'ने सुरुवात करायची नाही, सवय आहे.
मजुरी संध्याकाळी वाटतात, बाबा तेव्हा उभे राहतील. मी त्याच दिवशी सकाळी, वखार उघडताच. शुक्रवार, २६ मे.