पाय उचलला की थांबणारी गाडी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ढोकी,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शिवप्रिया हीस,
अ. उ. आ.

फोनवर तू बोलतीस त्यातलं निम्मं मला कळतं आन निम्मं मी हं हं म्हणून सोडून देतो. एसटीच्या बॉनेटशेजारी जन्म गेला, डावा कान तिथंच ठेवून आलो. तुझी अव्वा तर लेकीला घोर नको म्हणून फोनवर बरी हाय, बरी हाय एवढंच म्हणती. म्हणून खरं काय ते लिहून कळवतो. कागद दोनदा वाचता येतो.

सोमवारी आन गुरुवारी तिला डायलिसिसला धाराशिवला नेतो. मशीनवरून उठली की सुकल्या पालेभाजीवानी होती. तरी दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसतीच, ऐकत न्हाय. डॉक्टर म्हणाले की एक खेप जरी चुकली तर अंगात पाणी भरंल आन दम लागंल. तवा चुकवायची न्हाय म्हणजे न्हाय.

राजशेखररावांनी दिलेली विजेची गाडी झकास हाय. आवाज न्हाय, धूर न्हाय, गिअर न्हाय. पहिले आठ दिवस माझा डावा पाय नुसता क्लच हुडकत होता. ह्यात म्हणं मोड असतात. आपल्याकडं मोड येतात ते मटकीला! शेजारचा धुळाप्पा विचारत होता, नव्या गाडीचं एवढ्यात काय मोडलं म्हणून. ईको मोडात टाकली की पाय उचलल्याबरोबर गाडी आपली आपण आवरती, ब्रेक दाबायचं कामच पडत न्हाय. सिटी मोडात मात्र पाय उचलला तरी घरंगळत जाती. मी आपला ईकोतच चालवतो.

खोट एकच. ईकोत गाडी आवरताना हिसके बसतात, आन अव्वाला मळमळतं. येडशी येईस्तोवर दोनदा थांबावं लागतं.

गेल्या गुरुवारी एक गंमत झाली. दवाखान्यातून गाडीपाशी आलो, तर ही माझ्या पायाकडं बघून हसायलाच लागली. उजव्या पायात चप्पलच न्हाय! कुठं गळाली मला पत्ताच न्हाय. वॉचमननं आणून दिली. लई दिवसांनी हसली बघ ती.

राजशेखररावांना नमस्कार सांग. कामाच्या रगाड्यात पत्राला उशीर झाला तर होऊ दे, माया तेवढी पातळ होऊ देऊ नको.

तुझा अप्पा,
शंकरप्पा


कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मटकीचं वाचून राजशेखर इतके हसले की बशीतला चहा सांडला. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेला ड्रायव्हर स्वतःची चप्पल सांभाळू शकत नाही म्हणजे कमाल आहे, असं म्हणाले. नवी चप्पल घ्या, अप्पा. तुमची ती जोडी माझ्या लग्नातली आहे.

अव्वाच्या मळमळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मी राजशेखरना विचारलं, ते म्हणाले उपाय अगदी सोपा आहे. गावातून निघताना ईको ठेवा आणि सडकेला लागलं की हँडब्रेकजवळचं गोल बटण सिटीवर फिरवा. त्यासाठी गाडी उभी करायचीही गरज नाही, चालत्या गाडीत मोड बदलता येतो. मग हिसके बसणार नाहीत. आणि तुम्हाला दगदग होत असेल तर गावातल्या सिद्धारामला बोलवा. तो जीप चालवतोच, आठवड्यातून दोन खेपा सहज मारेल.

इकडं परीक्षा चालू आहेत, त्यामुळं कॉलेजातून पाय निघत नाही. जीव मात्र तिकडंच असतो. अव्वाला सांगा, संक्रांतीला येते. लेकीवरचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
शिवू


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ढोकी,
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवप्रिया हीस,
अ. उ. आ.

सिद्धाराम पोरगा चांगला हाय, पण तुझ्या अव्वाला मी दुसऱ्याच्या हाती देणार न्हाय. वाटेत ओकारी आली तर परक्या माणसापुढं ती लाजंनंच अर्धी होईल. सगळ्या तालुक्याची माणसं आयुष्यभर पोचवली, आन बायकोच्या वेळी मागच्या सीटवर बसू व्हय? सिटी मोडाचंही राहू दे. ईकोत बॅटरी वाचती.

आता वाईट कळवायचं. गेल्या गुरुवारी अव्वा आलीच न्हाय. उंबऱ्यात बसली, आन म्हणाली की मशीनचं भ्या न्हाय, गाडीचं हाय. मरायचं तर घरात मरीन, पण त्या हिसक्यांनी आतडी पिळवटून घेणार न्हाय. शेजारच्या इरम्मानं समजावलं, धुळाप्पानं समजावलं. मी हात जोडले तिच्यापुढं. न्हायच हलली. शनिवारपर्यंत पाय सुजून टम्म झाले, बसल्या जागी दम लागायला लागला, तवा दोघांनी उचलून गाडीत घातली. डॉक्टर मलाच बोलले. म्हणाले की पुन्हा असं केलंत तर आणूच नका.

आज सोमवारची खेप झाली. येताना डोळे मिटून, पदर तोंडात धरून बसली होती. गुरुवारी येईल का न्हाय, सांगवत न्हाय.

माझं ठीक. उजव्या तळव्याला कशाचा तरी फोड आलाय, पण दुखत न्हाय. तू काळजी करू नको असं लिहिणार होतो, पण करशीलच. बापाला विसरू नको म्हणजे झालं.

अप्पा


कोल्हापूर,
७ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं आणि नंतर राग आला. राग तुमचाच.

बॅटरी वाचते म्हणता? ती गाडी एका चार्जिंगमध्ये धाराशिवच्या चार खेपा करील. कुणासाठी वाचवताय? अव्वा मशीनला भीत नाही, सुयांना भीत नाही, तुमच्या गाडीला भिते, आणि तुम्हाला एक बटण फिरवायचा कंटाळा? अप्पा, लहानपणापासून बघते आहे. नवीन काही आलं की तुम्ही नाही म्हणणार. गॅस आणला तेव्हा नाही, मोबाईल आणला तेव्हा नाही. तेव्हा चालून गेलं. आता अव्वाच्या जिवाशी गाठ आहे. ती आणखी एक गुरुवार घरी बसली तर काय होईल हे डॉक्टरांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं आहे. बॅटरीपायी तिला मारू नका.

फार बोलले. पण मी तिथं असते तर स्वतः शेजारी बसून बटण फिरवलं असतं. सोमवारी सिटी मोड लावा, आणि मला कळवा. माझी शपथ आहे.

रागावले तरी तुमचीच आहे, पदरात घ्या.

शिवू


ढोकी,
१३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवप्रिया हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवलं, शिव्यांसकट. ती म्हणाली की लेक शहाणी झाली, बाप हाय तसाच राहिला. काल तिला कशीबशी नेऊन आणली. येत्या सोमवारी तू म्हणतीस तसं करतो. सडकेला लागलं की सिटी. शपथ घातलीस, आता माझा इलाज न्हाय.

राग सोड. अव्वा तिळगुळासाठी तीळ निवडत बसली हाय, तुझ्या येण्याची वाट बघती.

अप्पा


कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

ती. शांताक्का मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अव्वाच्या मातीला तू आलीस, मला पोटाशी धरून बसलीस, पण जे सांगायचं होतं ते त्या गर्दीत बोलवलं नाही. तुझी ती सख्खी धाकटी बहीण. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

गावात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की त्या सोमवारी येडशीच्या अलीकडं, उतारावर, उसाचा ट्रॅक्टर शेताकडं वळला आणि अप्पांची गाडी मागच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॅक्टरवाल्याची काही चूक नव्हती, तो हात दाखवून वळला होता. लोक म्हणतात, म्हातारपण.

पण सोलापूरच्या दवाखान्यात अव्वा शुद्धीवर होती. अप्पा वरच्या मजल्यावर, बरगड्या मोडलेले. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली की शिवू, ह्यांनी तुझं ऐकलं बाई. सडकेला लागल्यावर बटण फिरवलं आणि गाडी पाळण्यागत निघाली. पोटात काही म्हणून ढवळलं नाही. किती दिवसांनी मी बसवेश्वरांचं वचन गुणगुणत होते, तर ह्यांना ऐकू येईना, सारखे विचारत होते काय म्हणतीस. एवढं सांगून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मावशी, ती माझं कौतुक करत होती! दुसऱ्या दिवशी गेली.

नंतर अप्पांचा पाय तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारलं की हा पाय कधीपासून बधिर आहे. रक्तातल्या साखरेनं उजव्या तळव्याची जाणीवच गेली आहे. तळव्यात काच रुतून बसली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. चप्पल गळाली तरी कळलं नव्हतं, आणि त्यावर आम्ही हसलो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाय ब्रेकवर पडला की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते ईको सोडत नव्हते. ईकोत पाय नुसता उचलला की गाडी थांबते. बॅटरीचं निमित्त होतं. सिटी मोडात त्यांनी सवयीनं पाय उचलला असेल, आणि गाडी घरंगळत गेली असेल. आणि मी त्यांना लिहिलं होतं, बॅटरीपायी तिला मारू नका.

अव्वा मला काय बोलली ते अप्पांना ठाऊक नाही. निघताना त्यांच्या पाया पडले, पण वर बघायची हिंमत झाली नाही. मावशी, हे मी कसं गिळू? त्यांना सांगू तरी कसं? तू हे कुणाजवळ बोलू नकोस. तुझ्या मायेचा हात पाठीवर असू दे.

तुझी,
शिवू


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ढोकी,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. शिवप्रिया हीस,
अ. उ. आ.

बरगड्या सांधत आल्या. इरम्मा दोन्ही वेळचा डबा देती. खाल्लं का, खाल्लं का म्हणून धुळाप्पा दारात उभा राहतो, म्हणून खातो. संक्रांतीला तीळ तसेच डब्यात राहिले. बिल्ला पेटीत तळाला ठेवून दिला.

तू जाताना पाया पडलीस, पण वर बघितलं न्हाईस. तुझ्या मनात काय हाय ते मला कळलं. अप्पानं माझं पत्र वाचून मोड बदलला आन त्यानं हे झालं, असंच ना? तर नीट वाच. म्या मोड बदललाच नव्हता. त्या सोमवारी निघायच्या घाईत बटणाचं ध्यानातच राहिलं न्हाय. गाडी ईकोतच होती. तुझ्या अव्वाला त्या दिवशीही मळमळलं, दोनदा थांबलो. ती म्हणाली बी, की लेकीचं ऐकायला पायजे होतं.

दोष माझ्या पायाचा. बधिर झालाय हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. ट्रॅक्टर दिसल्यावर पाय पॅडलवरून उचललाच गेला न्हाय, एवढंच. मोडाचा काही संबंध न्हाय, तुझा तर न्हायच न्हाय. पायाचं सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती. आन शिवू, आठवड्यातल्या त्या दोन खेपा, जाताना ती शेजारी, येताना ती शेजारी, एवढाच आमचा संसार उरला होता. तो सोडवंना.

आता पोटभर जेव. राजशेखररावांना त्रास देऊ नको. दिवा लावशील तवा तिच्या नावानं लाव, बापाचं आयुष्य मागू नको.

अप्पा


कोल्हापूर,
२७ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

पार्सलनं सँडल पाठवले आहेत, मागं टाचेला पट्टा असलेले. गळून पडणार नाहीत. तरी उठता-बसता पायात आहेत ना ते बघत जा, आणि निजायच्या आधी तळवे इरम्माकाकूंना दाखवत जा. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. काकूंना मी फोन केला आहे.

मोडाचं लिहिलंत ते बरं केलंत, माझा जीव भांड्यात पडला. वेडी मी, उगीच मनाला लावून घेतलं. मला आधीच कळायला हवं होतं. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीत तुम्ही, तेव्हाच बरं ऐकाल!

येत्या रविवारी राजशेखर तुम्हाला न्यायला येत आहेत. धोतरं, औषधं आणि अव्वाचा तिळाचा डबा बांधून ठेवा. नाही म्हणू नका, अप्पा. एवढं एक माझं ऐका.

तुमची,
शिवू