फुलपाखरांसाठी मागची पट्टी

२ जून
सकाळी सगळ्यांची विचारपूस केली. हिचा गुडघा: कुरकुरतोय. सुनेची सर्दी: ओसरली. मुलाची पाठ: ऑफिसच्या खुर्चीला दोष देतो. बोका: ठणठणीत. माझी तब्येत कुणी विचारली नाही. उत्तम आहे.
संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. बिल्डिंगमागच्या मातीच्या पट्टीवर सेक्रेटरीला पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटर लावायच्या आहेत. मी उठलोच. म्हटलं, मधमाश्या गेल्या, फुलपाखरं गेली, निदान एवढी पट्टी तरी त्यांना राहू द्या. इथलीच रानफुलं लावतो, स्वतः, बियांपासून. सेक्रेटरी म्हणाला, ठीक आहे काका, सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत फुलपाखरं दिसली तर पट्टी तुमची. म्हटलं, दिसली तर? हाताने वारावी लागतील!

७ जून
माळावर हिंडून बी गोळा केलं. शर्टाच्या खिशात भरून आणलं. हिने शर्ट मशीनमध्ये टाकला. हरकत नाही. पेरण्याआधी बी भिजवायचंच असतं.

१९ जून
उगवलं! हिचं म्हणणं, गवत आहे ते. काही माणसांना जिकडे तिकडे गवतच दिसतं.

२८ जून
बरंचसं गवत होतं. पण उरलेलं माझं.

२१ जुलै
रोपं गुडघ्याला लागली. आज पहिलं फुलपाखरू! पानांना शेपूट टेकवत या रोपावरून त्या रोपावर हिंडलं आणि गेलं. जागा बघून गेलं असणार. सेक्रेटरीला मुद्दाम सांगितलं. म्हणाला, डिपॉझिट ठेवलं का? कुचकट मेला.

३ ऑगस्ट
घात झाला. पानांची चाळण. काळ्या, काटेरी, खादाड आळ्या. माझ्या फुलपाखरांच्या तोंडचा घास पळवतात! चिमट्याने उचलून डब्यात भरल्या. मारायला जीव होईना, म्हणून भिंतीपलीकडे भिरकावल्या. शेजारच्या सोसायटीत हीच झाडं आपोआप माजलीत, कुणी ढुंकून बघत नाही. म्हटलं, खा तिकडे काय खायचं ते. सून म्हणाली, बाबा, अहो, या आळ्यांचंच पुढे... म्हटलं, पुढचं पुढे बघू. आधी डबा धर.

६ ऑगस्ट
पुन्हा आळ्या, पुन्हा चिमटा. शिवाय तंबाखूचं पाणी फवारलं. आता एक किडा इकडे फिरकायचा नाही.

२९ ऑगस्ट
फुलं! पिवळी, जांभळी. एक पान कुरतडलेलं नाही. एक मधमाशी आली, वास घेऊन परत गेली. पोट भरलेलं असेल. फुलपाखरं अजून नाहीत. बडी मंडळी उशिराच येतात. तोवर रोज फवारणी चालू.

१४ सप्टेंबर
मीटिंग पट्टीवरच. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. फुलं डोलत होती आणि त्यांच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. एक माशी आली, ती सेक्रेटरीच्या टकलावर बसली. मी म्हटलं, हिलाही हिशेबात धरा. नाही म्हणाला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी ओरडल्या, अगं बाई, तिकडे बघा! भिंतीपलीकडे फुलपाखरांचा नुसता बाजार भरला होता. सेक्रेटरी म्हणाला, काका, काही न लावताच येतात की! सगळे हसले. ही हसली नाही. म्हणाली, वर चला, चहा टाकते.
जिन्यात सुनेने ते राहिलेलं वाक्य पुरं केलं.
चहा कडू लागला.

१५ सप्टेंबर
विचार केला. यात माझी चूक अशी काही दिसत नाही. शेजारच्या सोसायटीला पत्र लिहिलं. मजकूर:
‘स. न. वि. वि. आपल्या आवारातील फुलपाखरांचे बालपण आमच्या पट्टीवर गेलेले आहे. हवापालटासाठी मीच त्यांना आपल्याकडे पाठवले होते. आता सर्वांच्या तब्येती सुधारलेल्या दिसतात, तरी त्यांना परत पाठवावे. सगळी नकोत, चार-दोन पुरेत. कृपया उत्तर लवकर द्यावे. पेव्हर ब्लॉकवाला सोमवारी येतो आहे.’