जमिनीपासून एक हात वर

वेस्टबी,
२२ ऑगस्ट

ती. आर्डिसताईस व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. इकडे मका डोक्याच्या वर गेला आहे आणि त्यात हरणांनी आपले वाटे आधीच काढून घेतले आहेत. कॉरीनचे पाय होते तसेच. व्हीलचेअरवरून ती घरभर फिरते, पण नवरा म्हणून मी तिला क्षणभरही एकटी सोडत नाही. परवा ती ओव्हनमधून स्वतःच पातेले काढायला निघाली होती. मी वेळेवर धावलो म्हणून बरे. त्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. आजाराने माणूस चिडचिडे होते, दुसरे काय!

आता कामाचे. धनुष्याने हरणे मारायचा हंगाम तोंडावर आला. बाबांच्या ओकच्या झाडावरचे जुने मचाण मी काढून टाकले, ते आता कामाचे राहिले नव्हते. नवे मचाणच घ्यावे, की हल्ली शिकारी कमरेला बांधून झाडाला लटकतात ते खोगीर घ्यावे? दुकानदार म्हणाला की एकदा खोगिरात बसलात की मचाणाकडे ढुंकूनही पाहणार नाही. मी म्हटले, आधी घोडा कुठे बांधलायस ते दाखव. तू सत्तरीत लटकतेस म्हणून तुलाच विचारतो. घाई नाही. कॉरीनला टाकून यंदा जाईनच असेही नाही.

तुझा राग आणि तुझी माया, दोन्ही या धाकट्यावर असू दे.
व्हर्लिन


मार्क्वेट,
३० ऑगस्ट

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

असा प्रश्न कोणी विचारला की मला पुन्हा भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकवायला उभे राहिल्यासारखे वाटते, तेव्हा कॉफी ओतून घे आणि सावकाश वाच.

मचाण म्हणजे झाडाला बांधलेली खुर्ची. पाठ खोडाला, पायाखाली जाळीचा पत्रा, मांडीवर धनुष्य. नोव्हेंबरच्या गारठ्यात दीर्घकाळ निश्चल बसायला याहून सुख नाही. पण त्याचा स्वभाव ओळखून असावे. बसलेल्याला ते सहसा दगा देत नाही. घात होतो तो शिडी सोडून त्यावर पाऊल ठेवण्याच्या क्षणी. म्हणून अंगात पट्टे हवेत, आणि ते जमीन सोडल्यापासून दोराला अडकवलेले हवेत. तरीही पडलास तर दोर तुला पाठीकडून धरतो आणि तू तोंड बाहेर करून अधांतरी राहतोस. मांड्यांवरचे पट्टे रक्त अडवू लागतात. अशा वेळी पाय टेकवायला दोराचा एक फास हाताशी नसेल, तर वाचवणारे पट्टेच जिवावर उठतात.

खोगिराची रीत याच्या नेमकी उलट! तोंड खोडाकडे, पायाखाली ताटाएवढी फळी, बुडाखाली कापडी झोळी, आणि झोळीतून निघालेला दोर डोक्याच्या उंचीवर खोडाला. हा दोर सदैव ताणलेला असतो, आणि सारे रहस्य त्यातच आहे. पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतो ते मिठाचे पोते मी गॅरेजच्या तुळईला टांगून पाहिले. दोर ताणलेला ठेवून हात सोडला, तर पोते नुसते डोलले. दोर हातभर सैल ठेवून सोडला, तर तुळई कण्हली, पोते फाटले आणि शेजारची लुसील विचारत आली की काय गं बाई, आता मिठाचीही शिकार का. वजन तेच, तुळई तीच. फरक फक्त सैल दोराचा. खोगिरातला माणूस आधीच दोरावर असतो, म्हणून त्याला पडायला जागाच उरत नाही.

दोषही सांगते. कमरेला चिमटा बसतो, गुडघे सालीवर घासतात. तुझ्यासारख्या उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला उजवीकडून आलेले हरीण फार अवघड, सारे अंग फिरवावे लागते. पण वारा बदलला की झाड बदलता येते, मचाणासारखे एकाच ओकशी लग्न लागत नाही. माझे मत खोगिराला.

गेल्या नोव्हेंबरात गोठ्याच्या पायरीवरून घसरलास, तो घोटा आता भार घेतो का, ते कळव.

कॉरीनला माझ्या वतीने एक घट्ट मिठी, आणि तुला जुनाच धपाटा.
आर्डिस


वेस्टबी,
१९ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

हंगाम सुरू झाला. मी अजून ठरवतो आहे. तुझे पत्र इतके पटले की खोगीर घ्यायला निघालोच होतो, पण वाटेत शंका आली. पाऊस पडून दोर गोठला तर? दोर लांब-आखूड करायची सरकगाठ सरकलीच नाही तर? मग मचाणाचा विचार केला, तर तू म्हणतेस तो पाय टेकवायचा फास, आणि मचाण झाडाला बांधायचे पट्टे. पट्ट्याचा काय भरवसा, ताई? वरून धडधाकट दिसतो आणि आतून केव्हा विरतो ते कळत नाही.

शिवाय कॉरीन. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना पाद्रीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की नवरा असावा तर व्हर्लिनसारखा, बायकोसाठी शिकारसुद्धा सोडली. मी म्हटले, अहो, सोडली कुठे, ठरवतोय. पण ऐकायला बरे वाटले. घोटा ठीक आहे.

शंकेखोर म्हणून हसशील, तरी तुझाच.
व्हर्लिन


वेस्टबी,
२४ सप्टेंबर

प्रिय आर्डिसताईंना कॉरीनचा स. न. वि. वि.

व्हर्लिन टपालपेटीपर्यंत गेला आहे, तेवढ्यात लिहिते. येताना तो धापा टाकत येईल, कारण मला एकटी ठेवले म्हणून त्याने परतीला धाव घेतलेली असते.

तुमची पत्रे तो मला मोठ्याने वाचून दाखवतो. मिठाच्या पोत्याला मी मनापासून हसले. पण ताई, तुम्ही चुकीच्या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर दिलेत. गोठ्याच्या पायरीवरून तो घसरलाच नव्हता. बाबांच्या ओकवरचे मचाण कित्येक वर्षे कोणी सैल केले नव्हते. झाड जाड होत गेले, मचाणाचा पट्टा सालीत रुतत गेला आणि एके दिवशी व्हर्लिन वर असताना तुटला. अंगातल्या पट्ट्यांचा दोर होता म्हणून तो जमिनीवर आदळला नाही. पण तिथे किती वेळ लटकत होता ते त्याचे तोच जाणे. शेवटी खोडाला मिठी मारून घसरत उतरला, त्यात घोटा गेला. घरी आला तेव्हा दाढीत ओकची साल होती, खिशात तुटका पट्टा आणि तोंडात गोठ्याची पायरी. हातपाय धुतल्यावर खरे सांगेल असे वाटले होते. नंतर त्या विषयाला हात लावायची वेळ कधी आलीच नाही.

तेव्हापासून तो घरात आहे. मी चमचा उचलला की त्याचा हात पुढे येतो. मी खुर्ची वळवली की तो उठून उभा राहतो. पूर्वी हंगामात दुपारी तो रानात जायचा आणि तेवढा वेळ हे घर माझे असायचे. रेडिओवर पोल्काची नाचगाणी लावून मी काहीतरी करपवायचे, सांडायचे, माझे मीच पुसायचे. माझे पाय गेले आहेत, ताई, हात नाही. वर चर्चमधल्या बायका मला सांगतात की किती नशीबवान गं तू. त्यांना काय सांगू, की तो माझ्यासाठी थांबलेला नाही, माझ्यामागे लपलेला आहे?

खोगीर म्हणा, मचाण म्हणा, पण त्याला बाहेर काढा. मी लिहिले हे त्याला कळू देऊ नका.

पावले वाजली. थोड्यात पुष्कळ समजून घ्याल, हा भरवसा.
कॉरीन


मार्क्वेट,
२ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

तुझ्या शंका वाचल्या. उत्तरे लिहायला बसले आणि कागद बाजूला ठेवला. कारण प्रत्येक उत्तराला तू नवी शंका काढशील आणि आपण दोघे मिळून वसंत ऋतू गाठू.

म्हणून निवड मी केली. माझे जुने खोगीर या पार्सलात आहे. कापड जुने, दोर मात्र कोरे. ते घेऊन झाडावर चढायचे नाही. नीट वाच, चढायचे नाही. अंगणातल्या एखाद्या झाडाला फळी बांध, जमिनीपासून एक हात वर. तिथे लटक. गाठ सरकव, झोळीत बस, वळ, पुन्हा वळ. दोरावर भार टाकायची अंगाला लाज वाटेनाशी होईपर्यंत तेवढ्याच उंचीवर राहा. दोर आपल्याला धरतो, हे डोक्याला एका वाक्यात पटते. कमरेला आणि पोटऱ्यांना पटायला अनेक दुपारी लागतात. त्यात कमीपणा काही नाही. मीही अशीच शिकले आणि लुसीलने मला वाळत घातलेली घोंगडी म्हटले.

धीर हवा तेवढा घे, सबबी मात्र बेताने. 
आर्डिस


वेस्टबी,
२१ ऑक्टोबर

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

काय नामी युक्ती सांगितलीस! स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या मेपलच्या झाडाला रोज लटकतो. कमरेचा चिमटा आता जाणवत नाही, उजवीकडे वळणेही जमू लागले आहे. उत्तम म्हणजे तिथून आतले सगळे दिसते. कॉरीनला काही लागले तर मी काच वाजवतो आणि विचारतो. काल तिने कांदा चिरायला घेतला, तेव्हा सुरी कशी धरायची ते मी लटकल्या लटकल्याच खुणेने सांगितले. असे दोन्ही साधते, मग रानात जायची गरजच काय?

तुझ्या विद्यार्थ्यांत शेवटून पहिला, पण निष्ठावान,
व्हर्लिन


वेस्टबी,
७ नोव्हेंबर

प्रिय आर्डिसताईंना स. न. वि. वि.

तुमच्या खोगिराने आधी माझा जीव घ्यायचे ठरवले होते. पूर्वी नवरा घरात होता, आता खिडकीबाहेर वटवाघळासारखा. जेवले, वाचले, डुलकी काढली, की वर पाहावे तो हा हसून हात हलवतो आहे.

परवा मला राहवले नाही. खिडकी उघडून मी म्हटले, व्हर्लिन, नर हरणे माद्यांमागे वेडी झालीत आणि तू मेपलची राखण करतोयस? तो म्हणाला, तुला एकटीला टाकून कसा जाऊ. मी म्हटले, माझे नाव घेऊ नकोस. तू ओकवरून पडलास ते मला त्याच दिवशी कळले आहे. भ्यायचे तर खुशाल भी, कोणीही भ्याला असता. पण माझ्या पायांच्या आड उभा राहून भिऊ नकोस, त्यांना त्यांचे ओझे पुरे आहे.

बिचारा लटकलेलाच होता. रागाने निघून जायचे तरी आधी गाठी सोडवायला हव्यात! एक गाठ काही केल्या सुटेना. मी खिडकी लावून घेतली नाही, तो गेला नाही, आणि आम्ही दोघेही जमेल तिकडे पाहत राहिलो. अखेर तो खाली उतरला आणि एवढेच म्हणाला की फार वेळ लटकलो होतो गं तेव्हा, तुला हाका मारत होतो. मी म्हटले, ऐकू आल्या असत्या तरी येता आले नसते. म्हणाला, तेच तर.

काल दुपारी तो धनुष्य घेऊन निघाला. ओककडे नाही, ओढ्याकाठच्या एका झाडाकडे.

आणि घर माझे झाले, ताई. रेडिओ लावला आणि बंद केला, कारण त्यात रानातले काही ऐकू येत नव्हते. कॉफी ठेवली, ती उतू गेली. इतके महिने ज्या दुपारसाठी झुरले, ती सगळी मी काचेला नाक लावून घालवली. ओढा तिथून दिसतसुद्धा नाही. कावळा उडाला तरी वाटायचे, पट्टा तुटला.

अंधार पडता पडता तो आला. गुडघे खरचटलेले, हात रिकामे. चढताना अर्ध्यावर अडकलो होतो, म्हणाला. वर जाववेना, खाली येववेना. मग दोरावर सगळे अंग सोडून दिले आणि श्वास परत आला. मादी आली ती नेमकी उजवीकडून, वळेपर्यंत पसार. हे सांगताना तो एखाद्या पोरासारखा हसत होता. मग जपून विचारले, तू काय केलेस इतका वेळ?

मी म्हटले, मजेत होते, तू नाहीस हे लक्षातही आले नाही.

त्याचे खांदे केवढे सैलावले! म्हणाला, मग उद्याही जातो.

मी म्हटले, जा.

एवढे तुमच्यापाशीच राहू द्या, आणि मलाही तुमच्यापाशी.
कॉरीन