तेहतीस अनारसे आणि एक डॅम्पर

अप्पा,

हाताला अजून तुपाचा वास आहेसं वाटतं, तेव्हा कागदावर डाग पडला तर तो अनारशांचा समजा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणार कशी, तिसरीतून तुम्हीच तर काढलंत मला, आईच्या हाताखाली कुणी हवं म्हणून. पण आईच्या हाताखाली मी होते कुठे? सगळा दिवस तुमच्या कारखान्यात, टांग्यांच्या आणि बग्ग्यांच्या चाकांमध्ये, भुशात फतकल मारून. आता मी आजी झाले. ह्यांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली तेव्हापासून कलकत्त्यात आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की माझं मराठी संपतं आणि मोडकी हिंदी सुरू होते, पण अडत नाही काही. तर सांगायचं ते हे, की तुमच्या नातजावयाच्या मोटारसायकलीचं हँडल मी ताळ्यावर आणलं. हो, मी!

जावई बजबजला तेलाच्या डेपोत साहेब आहेत. माणूस लाखात एक, पण गाडी म्हटलं की अक्कल गहाण. गाडी विलायती, शर्यतीची, हँडल इतकं खाली की बसणारा माणूस नमस्कार घालतोय असं वाटावं. दर शनिवारी लेक आणि नातू लोकलने येतात आणि हे महाशय रस्त्याने. मी गॅलरीत उभी राहून वाट बघते. एका शनिवारी बघते तर कोपर सोललेलं, सदरा फाटलेला. वेग वाढला की पुढचं चाक थरथरायला लागतं, घोड्याने माशी उडवायला मान झाडावी तसं हँडल हातातल्या हातात झाडतं, आणि त्या दिवशी त्याने जावयांना खाली टाकलं. वर आणखी लढाईच्या वेळच्या एका ओसाड धावपट्टीवर महिन्याभराने शर्यत होती, तिच्यात नाव देऊन मोकळे झालेले! लेक स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन रडली. "आई, तू सांग ना त्यांना. माझं ऐकतच नाहीत."

जेवताना मी विषय काढला. जावई हसले. "आई, डॅम्पर म्हणून एक वस्तू मिळते त्यासाठी. ती हँडलला दाबून धरते. पण हात जड होतो हो. आणि मला मनगटं आहेत की!"

"मनगटं आहेत," हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "कोपराचं काय करायचं?"

मी मात्र 'दाबून धरते' तिथेच अडकले. अप्पा, मला एकदम तुमची बग्गी दिसली. हाकणाऱ्याच्या बैठकीखाली दोन लोखंडी कडी, एकावर एक, त्यांवर पुढची चाकं वळायची. आणि त्या दोन कड्यांच्या मध्ये तुम्ही चामड्याची चकती घालायचात, पुढचा भाग उगाच फडफडू नये म्हणून. मी आठ वर्षांची आहे. दसरा होऊन दोन दिवस झालेत. डॉक्टरांची नवी बग्गी डुलत डुलत परत आली आहे आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलताय. "चामड्याला तेल? इतकी वर्षं काय शिकलास? चामडं कोरडं असलं तरच धरतं!" म्हातारा खाली बघतोय, तोंडातून अवाक्षर नाही. मग आठ दिवस तो कामावरच आला नाही. तुम्ही ती तेलकट चकती माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "वास घे. लक्षात ठेव." अजून आहे लक्षात.

जावयांना तोंडाने सांगून उपयोग नव्हता, हे मला कळलं होतं. पण तो अधिक महिना होता, अप्पा! धोंड्याच्या महिन्यातलं वाण जावई नाकारू शकतो का? नाही. बस्स, मी ठरवलं. हे म्हणाले, "अगं, जावयाला चांदीचं निरांजन देतात. लोखंड कुणी दिलंय?" मी म्हटलं, "वाणाला जाळीची, भोकांची वस्तू लागते. अनारशाला जाळी असते, ह्या वस्तूतल्या चकत्यांना मधोमध भोक असतं. शास्त्राला धरून आहे." ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. म्हणजे होकार.

पुढच्या रविवारी जावई दुपारी आडवे झाले, तेव्हा आम्ही मायलेकींनी अंगणात जाऊन गाडीची मापं घेतली. तुमच्यासारखीच, दोऱ्याने. हँडलखालची मान किती उंच, तिच्या मधलं भोक किती रुंद, प्रत्येकाला एक गाठ. तो दोरा कमरेला खोचून मी ह्यांच्याबरोबर ट्रामने एस्प्लनेडला गेले. मागच्या गल्लीत सुट्या भागांचं एक दुकान आहे, गल्ल्यावर चष्मेवाले बंगाली बाबू. त्यांनी दोन तऱ्हा काढून ठेवल्या. एक नवी, पिचकारीसारखी, आत तेल भरलेलं, हँडलच्या बाजूला आडवी बसते. दुसरी जुन्या चालीची, मानेतून आरपार जाणारा दांडा, खाली चकत्या, वर पिळायची मूठ. बाबू पिचकारीचे गोडवे गात होते. मी विचारलं, तेल गळलं तर बजबजला कोण भरून देणार? बाबूंनी पिचकारी परत खोक्यात ठेवली. मुठीची बरी. गावात ढिली ठेवावी, मोकळ्या रस्त्यावर चालता चालता पिळून घट्ट करावी. मी दोरा काढला, दांड्याला लावला, गाठीला गाठ जुळली.

"माशीमा," मावशीला बंगालीत म्हणतात तसं म्हणून बाबूंनी हिंदीत विचारलं, "गाडी चलाएगा कौन?"

"मैं," मी म्हटलं. बाबूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्या नऊवारीकडे बघितलं. हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

वाणाच्या आदल्या दिवशी मी तेहतीस अनारसे तळले. ताटात खाली त्या वस्तूचे सगळे भाग मांडले, दांडा, मूठ, चकत्या, आणि वर अनारसे रचले. सुरेख दिसत होतं. सकाळी जावयांना पाटावर बसवून ओवाळलं, ताट दिलं. त्यांनी अनारसा उचलला, दुसरा उचलला, आणि खालची मूठ दिसल्यावर तोंडातला घास तसाच राहिला. "आई! हे काय?" "वाण आहे, जावईबापू. परत करता येत नाही." लेक पदरात तोंड घालून हसत सुटली.

मग अंगणात बसवायचं काम. गाडीखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचललं. जावई पाना घेऊन लगेच दांडा घालायला निघाले. मी म्हटलं, "आधी मान हलवून बघा. मान ढिली असेल तर ह्या वस्तूने आजार झाकला जाईल, बरा होणार नाही." त्यांनी चाक पुढे-मागे ओढलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. मान ढिली होतीच. ती घट्ट केली, मग दांडा, चकत्या, वर मूठ. मूठ पुरी पिळली आणि ते रस्त्यावर गेले.

परत आले ते पांढरे पडून. "आई, काही धरत नाही. मूठ पिळून पिळून संपली, हँडल तसंच झाडतंय. आणखी वेगात असतो तर..." लेकीने माझा दंड घट्ट धरला. हे तर चपला घालायलाच लागले. "त्या दुकानदाराला बघतो! माल नकली दिलाय. चार माणसांसमोर वाजवतो त्याची!" जावईसुद्धा म्हणाले, "चला बाबा, मीही येतो." मी म्हटलं, आधी ते खोला. खोलल्यावर एक चकती हातात घेतली. दाबलेल्या कापडासारखी असते ती. नाकाला लावली.

अप्पा, साजूक तूप! रात्रभर तेहतीस अनारसे तिच्यावर निथळले होते.

कुणालाच काही कळलं नव्हतं. हे दारापर्यंत पोचले होते. मी गप्प बसले असते, तर त्या बाबूंची इभ्रत एस्प्लनेडच्या गल्लीत गेली असती आणि मी नवी चकती आणून देवी होऊन बसले असते. मी मोठ्याने म्हटलं, "थांबा. त्याने काही केलेलं नाही. तूप माझं आहे."

हे इतके हसले की चपलेसकट पायरीवर बसले. "जावयाच्या हँडलला सुद्धा साजूक तूप! ह्याला म्हणतात सासू!"

दांडा आणि लोखंड पेट्रोलने धुतलं, पण कापडातलं तूप काही निघेना. मग मी आत गेले आणि ह्यांची जुनी चामडी बॅग घेऊन आले. "अगं, ती माझ्या पहिल्या नोकरीची..." "होती," मी म्हटलं. झाकणातून दोन चकत्या कापल्या, दोऱ्याच्याच मापाने, मधोमध भोक पाडलं, हात राखेने घासून कोरडे करून मी स्वतः बसवल्या. मूठ अर्धी पिळल्यावरच चामड्याने धरलं. पहिली फेरी जावयांनी एकट्याने मारली. दुसऱ्या फेरीला मागे मी बसले. हो, एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून, नातवाच्या टाळ्यांत! शेजारच्या बंगाली बायका खिडक्यांतून ओरडत होत्या. हँडल कसं, ओंजळीत पाणी धरावं तसं स्थिर.

काल शर्यत झाली. तिसरा नंबर आला. पहिले दोन कोण ते मी विचारलं नाही. जावई धड परत आले, दोन्ही कोपरं शाबूत, आणि लेकीने चहात साखर दोनदा घातली. जाताना ते माझ्या पाया पडले. "आई, हे सगळं शिकलात कुठे?" मी तुमचं नाव सांगितलं. मग दिवसभर मला चैन पडेना, म्हणून हा कागद घेतला. लिहून झाला की घडी घालून पोथीत ठेवून देईन, दुसरं काय.

एक तेवढं सांगायचं राहिलंय. डॉक्टरांच्या बग्गीच्या चामड्यात तेल मी घातलं होतं, अप्पा. दसऱ्याला सगळ्या हत्यारांना तेल लावून झालं, पळीभर उरलं होतं, त्या चकतीलाही हवं असं वाटलं. मिस्त्री दारात उभा होता. त्याने मला बघितलं होतं.