बोलावला एक, आले अडतीस

काकद्वीप,
विजयादशमीनंतरचा नववा दिवस

पूज्य तारापददा यांना धाकट्या नीलकंठाचा विजयेचा प्रणाम. बौदींच्या पायांवर या धाकट्या दिराचा वेगळा. तुमचा गुडघा थंडीआधीच कुरकुरायला लागला नाही ना? माझे दात गेले, पण इलिशचे काटे अजून जिभेनेच निवडतो. नारळाचे लाडू यंदा छान झाले होते (तुमच्या वाटचे मीच खाल्ले, टपालात फुटले असते).

आता नवल ऐका. आपण दोघांनी सव्वीस वर्षं घाटावर उभं राहून इलिशची लांबी वहीत उतरवली आणि तितकीच वर्षं भांडलो. तुम्ही म्हणायचात, मासा दरसाल आखूड होतोय. मी म्हणायचो, तुमची कापडी टेप ताणली गेली आहे. कालीपूजेनंतरच्या सोमवारी मच्छीमार समिती जाळ्यांची भोकं केवढी ठेवायची ते ठरवणार आहे, आणि त्यासाठी तिने आपल्या वह्यांवरून आलेख मागितलाय. मासा खरंच आखूड झाला असेल तर भोकं मोठी होतील, पिल्लं सुटतील. म्हणून जन्मभर बोटांवर सरासरी काढणारा मी सगळे आकडे कॉम्प्युटरात भरून बसलो.

माझी भाची झिनुक (कोलकात्यात संख्याशास्त्र शिकवते) फोनवर म्हणाली, "मामा, आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आहेच तुमच्याकडे. आलेख काढणारं पॅकेज तेवढं बसवा. एकच ओळ लिहायची."

लिहिली. आणि दादा, पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या! बोलावलं एकाला, आले अडतीस! एक पॅकेज रंगांचं जाणकार, एक नुसती अक्षरं जोडणारं, एक तर फक्त आलेखाच्या कडेला कोणते आकडे शोभतील एवढंच सांगणारं. आमची ही, बिभा, मागे चहा घेऊन उभी. म्हणाली, "एका जावयाला आवतण दिलं आणि त्याच्या आत्या-मावश्या सगळ्या उतरल्या. पानं किती मांडू?"

मी सवयीने अडतीसही नावं वहीत टिपली. घाटाचा नियम तुम्हाला आठवतोच: ज्या होडीची नोंद नाही, तिची टोपली खाली उतरत नाही. मी आवतण एकाला दिलेलं. उरलेल्या सदतीसांचं घरात काय काम? बसलो एकेकाला काढायला. (नुसतं 'जा' म्हणवेना, प्रत्येकाला 'पुन्हा या' म्हणालो.) अकरा गेले. मग मूळ पाहुण्याला म्हटलं, काढ बाबा आलेख. तो फुगून बसला! रंगांचं जाणकार सापडत नाही, त्याच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही म्हणे. पुन्हा फोन.

"मामा, काढलंत तरी काय?"

"जे बोलावलं नव्हतं ते."

"अहो, पालखीचे भोई हाकलून दिलेत आणि आता नवरदेवाला म्हणताय, चल!"

पुन्हा तीच ओळ लिहिली आणि सगळे मुकाट परत आले. एकही रुसला नाही. तेव्हा लाजून मी प्रत्येकाची माहिती उघडून वाचली. प्रत्येकामागे माणूस आहे, दादा! नाव आहे, पत्ता आहे. कडेचे आकडे नीट दिसावेत एवढ्यासाठी कुणीतरी कुठल्याशा थंड गावात वर्षं घालवली आणि दारात ठेवून दिलं, ज्याला लागेल त्याने न्या. ते लागलं कुणाला, तर काकद्वीपच्या एका म्हाताऱ्याला. मी त्या गृहस्थाला विजयेचं पत्र धाडलं (इंग्रजी झिनुकचं, प्रणाम माझा). तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: नुसते आभार मानायला लिहिणारे तुम्ही पहिलेच, आणि हो, इलिश केवढा असतो? आता याला काय सांगू? यावरच तर आपला जन्म गेला!

आलेख आला. ठिपक्यांची ही गर्दी, आणि मधून एक रेघ, ओहोटीच्या पाण्यासारखी सावकाश उतरत गेलेली. तुमची टेप ताणली गेली नव्हती, दादा. चूक माझी. एवढं कबूल करायला मला अडतीस पाहुणे जेवू घालावे लागले.

तुमचा,
नीलकंठ माइती

ता. क. खरं काम राहिलंच. महापुराच्या वर्षी भाद्र महिन्यातले तीन आठवडे तुमच्या वहीतले सगळे मासे एकाच लांबीचे आहेत. आलेखावर ते ठिपके शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे रांगेत. झिनुक म्हणते, खरे मासे असे शिस्तीत येत नाहीत. भोकं मोठी नको असलेल्या बारीक जाळीवाल्यांच्या हे नजरेस पडलं तर सगळ्याच वह्या गाळात फेकतील. तुम्ही ते मोजले होते ना?

आणखी एक. वरचं खोडणार होतो, पण हात धजेना. खाडाखोड आता पुरे. तुम्हाला कसला जाब विचारतोय मी? तुम्ही तेव्हा इस्पितळात बौदींच्या उशाशी होतात. तुमची गैरहजेरी लागू नये म्हणून तुमच्यासारखं अक्षर काढून ते आकडे मीच भरले. आजवर सांगितलं नाही. काल ते तीन आठवडे काढून टाकले. पाहुण्यांचा अनुभव ताजा होता. वाटलं, एवढं काढलं की सगळंच फुगून बसणार. पण रेघ जागची हलली नाही, दादा. वगळलेल्या पानांवर समितीला दोघांची सही हवी आहे. तर बैठकीच्या सोमवारी या. टेप आणा. त्या थंड गावच्या गृहस्थाला उत्तर द्यायचंय, आणि या खेपेला मासा दोघांनी मिळून मोजायचा.